अहो, ऐकलंत का?



आपल्याकडे बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. घ्यायचं ते उखाण्यात, तेही चारचौघींनी दार अडवल्यावर. मग रोजच्या धबडग्यात हाक कशी मारायची? आपल्या आजी-पणजीनं त्याला एक नाव शोधून काढलं. 'अहो, ऐकलंत का?' खेड्यात म्हणतात, 'आवं, ऐकलं का?' गडीमाणूसही आतल्या घरात हाक मारायचा तर अशीच, 'अगं, ऐकलंस का?' आता विचार करा मायबाप. धनी म्हणत होते, मालक म्हणत होते, कुणी पोराच्या नावानं 'अमक्याचे बाबा' म्हणत होते. पण ज्या हाकेवर मराठी माणसाचे संसार चालले ती हाक म्हणजे एक प्रश्न आहे. ऐकलं का? आणि प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं, हे आपण विसरलो. आपण नुसतं 'हं' म्हणतो. पेपरात खाली गेलेली मान वर येत नाही.

आजची सेवा श्रवणावर आहे. मंडळी हे ध्वनिमुद्रित करताहेत, पुढं छापणार आहेत म्हणतात. छापलं तर वाचणारी जी कोणी माउली असेल, तिलाही मी श्रोताच धरून बोलतो.

श्रवणाचा महिमा तुम्हाला नवा नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादानं नऊ भक्ती सांगितल्या, त्यांत पहिलं श्रवण. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती घेतली, तिथंही पहिला समास श्रवणाचा. कीर्तन दुसरं आहे बरं का. म्हणजे माझा नंबर दुसरा, तुमचा पहिला. ऐकणारा बसल्याशिवाय बोलणाऱ्याची भक्ती सुरूच होत नाही.

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. नववा अध्याय सुरू करताना माउली श्रोत्यांकडे काय मागतात? धन नाही, मान नाही. अवधान मागतात. आणि ते मागताना श्रोत्यांना काय म्हणतात ते लक्षात घ्या. श्रोत्यांना माहेर म्हणतात! तुमच्यासारखं श्रीमंत माहेर असेल तर लाडक्याचे लाड पुरतील, असा त्या ओवीचा भाव आहे. पंडितांना इथं दुसरी उपमा सुचली असती. माउलींना माहेर सुचलं. का सुचलं असेल? सासरी बाईचा शब्द मोजला जातो, माहेरी तो ऐकला जातो. लेक ओसरीवर बसते, पाय पसरते आणि कुठूनही बोलायला लागते. मधूनच सुरू करते, अर्धं सोडते, रडते, हसते. आई 'मुद्द्याचं बोल' म्हणत नाही. माउलींनी ज्याला श्रीमंती म्हटलं ती ही. ज्याच्याकडे अवधान आहे तो श्रीमंत.

आता मला सांगा, तुमच्या घरात तुम्ही एकमेकांचं माहेर आहात का?

हसू नका. तुम्ही इथं दोन तास मांडी घालून बसलात. डास चावतात, पाय अवघडतात, पावसाची सर येऊन जाते, तरी हलत नाही. मी एखाद्या शब्दावर थांबलो तर तुम्ही पुढं झुकता. म्हणजे ऐकायची ताकद तुमच्यात आहे. हीच माणसं घरी गेली की दोन मिनिटं धड ऐकत नाहीत. कानात दोष असता तर वैद्याकडे पाठवलं असतं.

आम्हा कीर्तनकारांचं एक असतं. सप्ताहात रोज नव्या घरी पंगत. पाट मांडलेला असतो, यजमान शेजारी, यजमानीण चुलीपाशी किंवा गॅसपाशी, आणि आम्ही खाली मान घालून जेवतो. जेवणाऱ्या पाहुण्याला घरचं सगळं ऐकू येतं. एका घरी बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आज नळाला पाणीच आलं नाही. दोन हंडे विहिरीवरनं आणले." यजमान ताबडतोब म्हणाले, "मग मोटर चालू करायची ना." संपलं. बाईंनी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

यजमान वाईट नव्हते. उलट त्यांनी उपाय सांगितला. पण बाईंनी उपाय विचारला होता का? नळाचं वाक्य ही बातमी होती. दोन हंड्यांचं वाक्य हे बोलणं होतं. विहीर किती लांब, पायऱ्या किती, गुडघे कसे झालेत, घरी पाहुणे जेवायला आहेत आणि अंगात कालपासून कसकस आहे, हे सगळं त्या दोन हंड्यांत भरलेलं होतं. यजमानांनी पहिल्या वाक्याला उत्तर दिलं, दुसरं जमिनीवर सांडलं. आम्हा पुरुषांना ही खोड फार. दुखणं पुरतं ऐकायच्या आत औषधाची पुडी बांधायला घेतो.

बायकांनी हसू नये, तुमचीही गोष्ट आहे. दुसऱ्या एका घरी यजमान मला जमिनीच्या मोजणीची हकीगत सांगत होते. "महाराज, मंगळवारी आम्ही मोजणीला गेलो..." आतून आवाज आला, "मंगळवार नव्हता, बुधवार होता." बरं, बुधवारी. "तिथं साहेब म्हणाला..." "साहेब नव्हता आला, त्याचा माणूस होता." असं तीनदा झालं. चौथ्यांदा यजमान म्हणाले, "तूच सांग," आणि ताक पिऊन उठले. मोजणीचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही! वार बरोबर होता माउली, बुधवारच असेल. पण त्या माणसाला त्या दिवशी वार सांगायचा नव्हता. बांधावरून भावाशी बोलणं तुटलं होतं, ते सांगायचं होतं. ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

पूर्वी घरात म्हातारी गोष्ट सांगायची तेव्हा पोरांनी 'हूं' द्यावा लागायचा. हुंकार नाही तर गोष्ट नाही, असा नियम होता. हुंकार थांबला की म्हातारी विचारायची, "झोपलास व्हय?" त्या हुंकाराचा अर्थ, मी तुझ्याबरोबर चालतोय, टाक पुढचं पाऊल. आता घराघरांत हुंकार आहे, पण मोबाईलवर बोट सरकवत दिलेला. तुम्हाला वाटतं समोरच्याला कळत नाही. अहो, चाळीस वर्षं भाकरी करणाऱ्या बाईला तव्याच्या आवाजावरून भाकरी कळते, तिला तुमचा 'हं' कळणार नाही? ती मधेच बोलायची थांबते. तुमच्या लक्षात येतंय का ते बघते. नाही येत. मग ती उठून कामाला लागते, आणि त्या दिवसापासून सांगायच्या गोष्टींतली एक गोष्ट कमी होते. उद्या आणखी एक. असं वीस वर्षं झालं की माणसं मला अभिमानानं सांगतात, "महाराज, आमच्यात कधी भांडण नाही." मी बघतो, तर त्या घरात बोलणंच नसतं. 'जेवण झालं का', 'गोळी घेतली का', 'लाईट घालव'. एवढ्यावर दिवस निघतो. भांडण व्हायलासुद्धा कुणीतरी ऐकावं लागतं.

इथं वारीतलं एक सांगतो. ज्ञानोबारायांच्या सोहळ्यात चालणाऱ्यांना ठाऊक आहे, नवख्यांनी नीट ऐका. संध्याकाळी पालखी तळावर येते, तेव्हा समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच धरतात, 'हो'कार देतात, आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो टाळ आणि सगळे गप्प. अंगावर काटा येतो. पण एखाद्या दिंडीचा टाळ तेव्हाही वाजतच राहतो. का? त्या दिंडीची काहीतरी तक्रार असते. कुणाच्या दिंडीची चालण्याची जागा चुकली असेल, कुणाला पाणी मिळालं नसेल. तक्रार सांगायची ती अशी, टाळ थांबवायचा नाही.

मग चोपदार काय करतात? 'बंद करा रे टाळ, आरतीला उशीर होतोय' असं लांबून ओरडत नाहीत. चालत त्या दिंडीजवळ जातात, काय झालं ते ऐकून घेतात आणि मालकांच्या कानावर घालतात. एवढे वारकरी, दिवसभर चाललेले, भुकेले, तोवर उभे राहतात. ज्ञानोबारायांची आरतीसुद्धा थांबते. तक्रार ऐकली गेली की टाळ आपोआप थांबतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते.

माउली, तुमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी भांडी जरा जास्त वाजतात की नाही? पातेलं ठेवायचं ते आदळलं जातं. कपाटाचं दार जोरात लागतं. आपण बाहेरच्या खोलीतून ओरडतो, "आता काय झालं?" किंवा टीव्हीचा आवाज वाढवतो. अरे, टाळ वाजतोय तो! तिची दिंडी तक्रार सांगतेय. उठून चोपदारासारखं जवळ जायचं. आणि गड्याचाही टाळ असतो. तो भांडी आपटत नाही. तो ताटावरून लवकर उठतो, पोरावर विनाकारण खेकसतो, कोपऱ्यात जाऊन कधीचा बंद पडलेला पंप उघडून बसतो. ज्याचा त्याचा टाळ ओळखता आला पाहिजे.

जवळ जायचं म्हणतो, ते पायांनी जायचं. रुक्मिणीमाता रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली. देवानं मागनं निरोप धाडला नाही, उद्धवाला पाठवलं नाही. स्वतः शोधत आले, म्हणून तर आपल्याला पंढरी मिळाली. अजूनही देवाचं दर्शन झालं की मागं रखुमाईच्या वेगळ्या मंदिरात जावं लागतं. ती वेगळी का उभी आहे असं पोरं विचारतात, तेव्हा ही कथा नीट सांगत जा. रुसवा सांगता आणि देव चालत आले ते सांगायचं राहतं.

आता थोडं कठोर बोलतो. हल्ली कीर्तनात बायकोवर विनोद करून हशा पिकवायची रीत पडली आहे. मला ती आवडत नाही. आणि त्यात सगळ्यांच्या तोंडी हमखास कोण सापडते? जिजाई. तुकोबारायांची जिजाई, जिला आवली म्हणतात. भांडखोर, कजाग, देवाला शिव्या देणारी, असं तिचं सोंग आणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. अरे, त्या माउलीचा संसार तर बघा. दुष्काळात घरातली थोरली, रखमाबाई, अन्नावाचून गेली. पोर गेलं. व्यापार बुडाला. पदरात लेकरं, आणि धनी भंडाऱ्याच्या डोंगरावर. ती बोलणार नाही तर कोण बोलणार? आणि बोलून डोंगर चढून भाकरी घेऊन कोण जात होतं? तीच. तिच्या पायात रुतलेला काटा विठोबानं काढला, अशी कथा आपल्यात सांगतात. जिच्या शिव्या खाल्ल्या तिचा पाय देवानं हातात घेतला. मग तुम्ही-आम्ही तिची टर उडवणारे कोण?

पण मला सांगायचंय ते पुढंच आहे. जिजाई काय बोलत होती हे आज आपल्याला कसं कळतं? तिनं काही लिहून ठेवलेलं नाही. ते तुकोबांच्या गाथ्यात आहे. धान्य घरात येतं आणि लेकरांच्या तोंडी पडायच्या आत वाटून संपतं, टाळ घेऊन माणसं दारात येऊन बसतात, हा तिचा सगळा त्रागा तुकोबांनी तिच्याच तोंडानं, 'मी' म्हणून, अभंगात घातला आहे. भोळ्या माणसाला वाटतं, बायकोची तक्रार मांडली. मी म्हणतो, हा श्रवणाचा दाखला आहे. तिचं बोलणं शब्दाशब्दानं कानात राहिल्याशिवाय कागदावर येईल का? तुम्ही आज घरी बसून बघा. काल बायकोनं केलेली तक्रार तिच्याच शब्दांत लिहायची. आपलं उत्तर मधे घालायचं नाही, 'उगाच कटकट करते' असा शेरा मारायचा नाही. बघा किती ओळी होतात. बायकांनीही तसंच, नवऱ्याची.

इथं कुणी विचारेल, महाराज, तुकोबांनी ऐकलं खरं, पण गोणी काही घरात राहिली नाही. खरं आहे. ऐकलं म्हणून प्रश्न सुटला असं झालं नाही. लेकरं उपाशी ती उपाशीच. त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते झाकून कीर्तन करू नये. संतांच्या घरात बाईनं किती सोसलं, हे धड बोललं पाहिजे. एवढं मात्र दिसतं की तिचं गाऱ्हाणं खोटं आहे, असं त्यांनी गाथ्यात म्हणून ठेवलं नाही. तिला जागा दिली. आणि वारीत आपण पालखी घेऊन चालतो, ती पालखी १६८५ साली सुरू केली जिजाईच्याच पोटच्या नारायण महाराजांनी. टाळकुट्यांवर चिडणाऱ्या आईच्या लेकानं सगळा महाराष्ट्र टाळ घेऊन चालायला लावला.

नामदेवरायांच्या घरी राजाईनं दुसरीच युक्ती केली. ती थेट रखुमाईकडे गाऱ्हाणं घेऊन गेली, तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या नवऱ्याला वेड लावलंय. घरात कुणी ऐकेना म्हणजे बाई देवघरात जाते, ती अशी. तुमच्या घरची माउली देव्हाऱ्यापुढं अलीकडे जास्त वेळ बसत असेल तर भक्ती वाढली म्हणून आनंद माना, पण एकदा विचाराही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण कीर्तन ऐकून काहीजण उलटा अर्थ काढतात. हात उगारणाऱ्याचं निमूट ऐकून घे, असं मी कुठल्याही लेकीला सांगत नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं. नवऱ्यानं त्यांना मारलंही होतं. त्यांनी ते स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय, लपवलं नाही. पुढं तो आजारी पडला, पालटला, दोघं देहूला आले, हा पुढचा भाग. पण म्हणून मार ही परीक्षा ठरत नाही. आपण ऐकण्याबद्दल बोलतोय, ते दोन्ही माणसं बसलेली असतील तरच.

शेवटी एका जोडप्याचं सांगतो आणि थांबतो. गोदाकाठचं गाव, नाव घेत नाही. माळकरी शेतकरी. बाजारातनं आला की कांद्याची पट्टी आधी देव्हाऱ्यात ठेवायची, मग पाणी प्यायचं, हा त्याचा नेम. एका वर्षी भाव पडला. टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई कापून पट्टीवर काही उरलं नाही. तो घरी आला आणि पाणी न पिता थेट गोठ्यात गेला. बायकोनं गॅस बंद केला. मागोमाग जाऊन गव्हाणीच्या कडेला बसली. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म्हैस आटत चाललीय."

ती म्हणाली, "हं."

आता इथं बघा माउली. सरकी बदला, डॉक्टरला दाखवा, मी कधीची सांगत होते, किती वाक्यं होती तिच्याजवळ. एकही बोलली नाही. नुसता हुंकार दिला, आणि बसून राहिली. परत बराच वेळ गेला. मग तो सोसायटीच्या कर्जाचं बोलला. मग सावकाराचं, जे तिला ठाऊकच नव्हतं. मग मध्यरात्री केव्हातरी म्हणाला, फवारणीच्या औषधाची बाटली माळ्यावर ठेवलीय. ती उठली, शिडी लावली, बाटली काढली आणि परत येऊन तिथंच बसली. उजाडलं तेव्हा दोघं गोठ्यातच होते.

असं ज्या घरात घडून गेलं तिथल्या बाईनं ऐकलं नव्हतं, असा अर्थ कुणी काढू नका. तसं बोलाल तर पाप लागेल. भाव, कर्ज आणि पाऊस यांचा हिशेब बाईच्या कानावर टाकायचा नसतो, आणि काही माणसं म्हशीचंसुद्धा बोलत नाहीत. मी फक्त या दोघांचं सांगतोय. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांच्या गावच्या सप्ताहात त्यानंच मला हे सांगितलं. बायको शेजारी गव्हातले खडे वेचत बसली होती. म्हणाला, "महाराज, त्या रात्री ही म्हशीवर बोलायला लागली असती, तर मी पुढचं बोललोच नसतो."

मी बाईंना विचारलं, "माय, तुम्हाला कसं कळलं की गोष्ट म्हशीची नाही?"

त्या वर न बघता म्हणाल्या, "पट्टी देवापुढं ठेवली न्हवती ना."

असो. रात्र झाली, पहाटे काकड्याला उठायचं आहे, आणि मागं बसलेल्या माताभगिनींना लांबच्या राहुट्यांत जायचं आहे. दिवसभर दिंडीत गडी पुढं आणि माउल्या मागं चालल्या, एकमेकांशी शब्द झालेला नाही. मृदंगमणी, घ्या. टाळ उचला सगळ्यांनी.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!